पराभवाचे खापर कोणाच्या माथी?

निवडणुकीचा निकाल लागला की त्या सायंकाळी प्रत्येक तालुक्याच्या गावी दोन कार्यालयांतून दोन निराळी दृश्ये दिसतात. एका कार्यालयापुढे गुलाल उधळला जातो, ताशे वाजतात, पेढे वाटले जातात. दुसऱ्या कार्यालयातील दिवे लवकर मालवले जातात. तेथे उरलेले चारदोन कार्यकर्ते मतमोजणीचे कागद पुढ्यात घेऊन कोणत्या केंद्रावर किती मते कमी पडली याची बेरीज-वजाबाकी करीत बसतात. महिनाभर घरदार विसरून राबलेल्या त्या कार्यकर्त्यांना खरोखरच जाणून घ्यावयाचे असते की आपले चुकले कोठे. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी राजधानीत बसलेले त्यांचे नेते वार्ताहर परिषद घेतात आणि त्या प्रश्नाचे उत्तर परस्पर देऊन टाकतात. उत्तर बहुधा एकच असते. आपले काहीही चुकलेले नाही! यंत्रे चुकली, पैसा बोलला, बंडखोरांनी घात केला, वृत्तपत्रांनी दगा दिला आणि अखेरीस मतदारच भुलला. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपल्या पूर्वजांनी जणू या वार्ताहर परिषदांसाठीच घडवून ठेवली असावी.

या विषयावर लिहिताना एक पथ्य पाळणे आवश्यक आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय येथे लावून चालणार नाही. जे माप इतरांना लावावयाचे, तेच आपल्याला जवळच्या वाटणाऱ्या पक्षालाही लावले पाहिजे. तसे केले तरच या चर्चेला काही अर्थ राहील.

यंत्रावरचा राग

पराभवाच्या कारणांत सर्वांत लोकप्रिय कारण सध्या यंत्राचे आहे. परंतु ही सबब यंत्राहून जुनी आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींच्या पक्षाला ३५२ जागा मिळाल्या. जनसंघाचे बळ ३५ वरून २२ वर आले. दक्षिण दिल्लीतून पराभूत झालेले जनसंघाचे माजी अध्यक्ष प्रा. बलराज मधोक यांनी तेव्हा असा आरोप केला, की मतपत्रिकांवर रासायनिक प्रक्रिया केलेली होती, मतदाराने मारलेला शिक्का काही काळाने उडून जात असे आणि दुसऱ्याच चिन्हावर शिक्का उमटत असे. प्रकरण न्यायालयात गेले. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही मतपत्रिका तपासण्याची मुभाही दिली. आरोप सिद्ध झाला नाही. म्हणजे मतपत्रिका कागदाची होती तेव्हा शाई दोषी होती, मतदान यंत्रावर होऊ लागले तेव्हा यंत्र दोषी ठरले. साधन बदलले, सबब तीच राहिली.

२००९ मध्ये भारतीय जनता पक्षाला ११६ जागांवर समाधान मानावे लागले. त्यानंतर काही आठवड्यांतच लालकृष्ण अडवाणींनी मतपत्रिकांकडे परत जाण्याची मागणी केली. पक्षाच्याच एका अभ्यासकाने मतदान यंत्रांच्या विश्वासार्हतेवर शंका घेणारे पुस्तक २०१० मध्ये लिहिले आणि त्याला अडवाणींची प्रस्तावना लाभली. त्या वेळी काँग्रेसचे नेते या शंकेला पराभूतांचे रडगाणे म्हणत होते. २०१४ नंतर भूमिका नेमक्या उलट झाल्या. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात ४०३ पैकी केवळ १९ जागा मिळाल्यावर मायावतींनी यंत्राकडे बोट दाखविले, पंजाबात अपेक्षाभंग झालेल्या अरविंद केजरीवालांनीही तेच केले. निवडणूक आयोगाने त्या वर्षी ३ जून रोजी पक्षांना यंत्रात फेरफार करून दाखविण्याचे आव्हान दिले, तेव्हा राष्ट्रवादी काँग्रेस आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट हे दोनच पक्ष तेथे गेले आणि त्यांनीही प्रत्यक्ष आव्हान न स्वीकारता यंत्राची कार्यपद्धती तेवढी समजावून घेतली.

आंध्र प्रदेशाचे उदाहरण तर पाठ्यपुस्तकात घालावे असे आहे. २०१९ च्या निवडणुकीत चंद्राबाबू नायडू मतदान यंत्रांविरुद्ध देशभर आवाज उठवीत होते. त्यांना १७५ पैकी २३ जागा मिळाल्या. २०२४ मध्ये त्यांच्या पक्षाने १३५ जागा जिंकल्या आणि यंत्राविषयीची त्यांची चिंता मावळली. त्याच निवडणुकीत ११ जागांवर आलेल्या जगनमोहन रेड्डींना मात्र तत्काळ कागदी मतपत्रिकांची आठवण झाली!

आणि आपला महाराष्ट्र? २०२४ च्या नोव्हेंबरात महायुतीला २३० जागा मिळाल्या, तेव्हा महाविकास आघाडीने यंत्राला धारेवर धरले. सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीत मतपत्रिकेवर प्रतिमतदान घेण्याचा घाट घातला गेला आणि प्रशासनाने तो थांबविला. गंमत अशी, की ज्या माळशिरस मतदारसंघात हे गाव येते, तेथे आघाडीचाच उमेदवार निवडून आला होता. त्याहूनही बोलके उदाहरण नांदेडचे आहे. तेथे विधानसभेबरोबरच लोकसभेची पोटनिवडणूक झाली. दिवस तोच, केंद्रे तीच, रांगेत उभे राहणारे मतदारही तेच. त्या लोकसभा मतदारसंघातील सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या, तर लोकसभेची जागा दीड हजारांहूनही कमी मतांनी काँग्रेसकडे गेली. मतदाराने दोन मतांत भेद केला, असाच याचा सरळ अर्थ होतो. परंतु सरळ अर्थ स्वीकारला की आपण विधानसभेला काय चुकलो, हा पुढचा प्रश्न येतो आणि तो टाळण्यासाठीच तर यंत्राचा आधार हवा असतो.

याचा अर्थ निवडणूक यंत्रणेवर प्रश्नच विचारू नयेत असा नव्हे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कागदी पडताळणीची, म्हणजे व्हीव्हीपॅटची, व्यवस्था टप्प्याटप्प्याने आणण्याचा आदेश दिला, तो अशाच प्रश्नांमुळे. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात न्यायालयाने शंभर टक्के चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. परंतु दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांच्या आत पाच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याचा अधिकारही त्याच निकालाने दिला. मतदार याद्यांतील दोषांनाही हेच लागू आहे. दुबार नावे, गाळलेली नावे ही खरी दुखणी आहेत आणि आयोगाने त्यांचे समाधानकारक उत्तर दिलेच पाहिजे. तथापि शंका विचारणे निराळे आणि शंकेच्या आडोशाला बसणे निराळे. ज्याला खरोखर अन्याय झाला असे वाटते, त्याच्यासाठी पंचेचाळीस दिवसांत निवडणूक याचिका दाखल करण्याचा मार्ग १९५१ च्या कायद्याने खुला ठेवला आहे. केंद्रावर झालेल्या एकूण मतदानाची नोंद असलेला नमुना १७ सी मतदान प्रतिनिधीच्या हाती पडतो आणि केंद्रनिहाय निकाल नमुना २० मध्ये उपलब्ध असतो. हे कागद घेऊन बसणारा पक्ष गंभीर आहे असे समजावे. केवळ ध्वनिक्षेपकापुढे ओरडणाऱ्या पक्षाला उत्तर नकोच असते.

मतदाराला दोष देण्याचे पातक

यंत्राला दोष दिला तर फार तर हसे होते. मतदाराला दोष देण्याचा प्रमाद मात्र अधिक गंभीर आहे आणि येथे आपल्या वर्तुळानेही स्वतःच्या अंतरंगात डोकावून पाहिले पाहिजे.

२२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत श्रीरामाची प्राणप्रतिष्ठा झाली. अवघ्या साडेचार महिन्यांनी निकाल लागले, तेव्हा ज्या फैजाबाद मतदारसंघात अयोध्या आहे, तेथे भारतीय जनता पक्षाचे उमेदवार लल्लू सिंह सुमारे साडेचोपन्न हजार मतांनी पराभूत झाले. त्यानंतर काही दिवस समाजमाध्यमांवर अयोध्यावासीयांना ज्या शिव्या दिल्या गेल्या, त्या आठवल्या तरी मान खाली जाते. कृतघ्न म्हटले गेले, त्यांच्या दुकानांतून काही विकत घेऊ नका असे आवाहन केले गेले. ज्या नगरीने शतकानुशतके ही भावना जपली, कारसेवकांना आश्रय दिला, तिला असे बोल लावणारे आपण कोण? रुंद रस्त्यांसाठी ज्यांची घरे-दुकाने गेली त्यांच्या मोबदल्याच्या तक्रारी होत्या. उमेदवाराविषयी नाराजी होती. समोरच्या पक्षाने सर्वसाधारण मतदारसंघात अनुसूचित जातीचा अनुभवी उमेदवार देण्याचे धाडस दाखविले होते. उत्तर प्रदेशात पक्षाच्या जागा ६२ वरून ३३ वर आल्या, म्हणजे ही केवळ अयोध्येची गोष्ट नव्हती. यातील कोणतेही कारण न तपासता मतदाराच्या श्रद्धेवर संशय घेणे सर्वांत सोपे होते आणि तेच झाले. श्रद्धा ही मतांची हुंडी नाही. रामाच्या चरणी डोके ठेवणारा माणूस त्याच दिवशी आपल्या पाडलेल्या दुकानाचाही विचार करतो आणि त्याला तसा अधिकार आहे.

महाराष्ट्रातही त्या वर्षी जूनमध्ये हेच घडले. राज्यात पक्षाचे २३ खासदार होते, ते ९ झाले. ताबडतोब उत्तर आले, की घटना बदलणार ही खोटी आवई विरोधकांनी उठविली. आवई खोटी होती, हे मान्य. परंतु आवई पेरण्यासाठी जमीन कोणी नांगरून ठेवली होती? चारशे पारची घोषणा पक्षाचीच होती आणि घटनादुरुस्तीसाठी चारशे जागा हव्यात, असे जाहीर सभेत बोलणारा खासदारही पक्षाचाच होता. नाशिक-दिंडोरीच्या पट्ट्यात डिसेंबर २०२३ पासूनच्या कांदा निर्यातबंदीने शेतकरी पोळला होता. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्र्यांना पराभव पत्करावा लागला. तो कांदा उत्पादक कोणत्या आवईला भुलला होता? त्याच्या चाळीतला कांदा काही खोटा नव्हता.

आता दुसरी बाजू पाहा. विधानसभेत हरल्यावर आघाडीच्या नेत्यांनी 'लाडकी बहीण' योजनेतील दरमहा दीड हजार रुपयांना मतांची लाच म्हटले. पण त्याच आघाडीच्या जाहीरनाम्यात महिलांना दरमहा तीन हजार रुपये देण्याचे आश्वासन होते! दीड हजाराने माता-भगिनी विकल्या जातात आणि तीन हजारांनी त्यांचे सबलीकरण होते, हा तर्क ज्या स्त्रियांनी ऐकला असेल, त्यांनी मनात काय म्हटले असेल याची कल्पना करावी. जिंकलो तर जनता सुज्ञ आणि हरलो तर जनता विकाऊ, ही वृत्ती सर्व पक्षांत समान आहे. लोकशाहीवरील निष्ठेची परीक्षा मात्र हरलेल्या दिवशीच होते.

समिती नावाची पळवाट

तिसरी रीत अधिक सभ्य आहे. ती म्हणजे समिती नेमणे. काँग्रेसने या कलेत विशेष प्रावीण्य मिळविले. २०१४ मध्ये ४४ जागा मिळाल्यावर ए. के. अँटनी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि अहवाल दिल्यानंतर अँटनींनी जाहीरपणे सांगितले, की पराभवास नेतृत्व जबाबदार नाही. ज्यांनी समिती नेमली, त्यांनाच निर्दोष ठरविण्याचे काम समितीकडे असेल, तर निराळा निष्कर्ष येणार तरी कोठून?

२०१९ मध्ये ५२ जागांनंतर राहुल गांधींनी अध्यक्षपद सोडले आणि ३ जुलैला चार पानी पत्र लिहून उत्तरदायित्वाचे महत्त्वही सांगितले. त्या कृतीचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु १० ऑगस्टला पक्षाची सूत्रे पुन्हा सोनिया गांधींकडेच आली आणि पद सोडलेली व्यक्ती निर्णय घेतच राहिली. खुर्ची सोडली, अधिकार सोडला नाही. राजीनामा हीदेखील कधी कधी पळवाट असते, ती अशी.

कम्युनिस्टांची तऱ्हा निराळी. मार्क्सवादी पक्ष प्रत्येक निवडणुकीनंतर दीर्घ आढावा प्रसिद्ध करतो आणि त्यात आत्मटीकाही असते. २००४ मध्ये लोकसभेत ४३ जागा असलेला हा पक्ष २००९ मध्ये १६ वर आला. २०११ मध्ये चौतीस वर्षांची बंगालची सत्ता गेली. २०२१ मध्ये त्याच बंगालच्या विधानसभेत डाव्यांना एकही जागा राहिली नाही. या घसरणीतील पहिली दहा वर्षे सरचिटणीस मात्र एकच होते. आढाव्यांची पाने वाढत गेली, जागा घटत गेल्या. 'सामूहिक नेतृत्व' हा शब्द फार सोयीचा आहे. जबाबदारी सर्वांची म्हटली, की ती कोणाचीच राहत नाही.

भारतीय जनता पक्षाच्या २००४ मधील पराभवाचीही आठवण येथे केली पाहिजे. लोकसभेच्या निवडणुका मुदतीपूर्वी घेण्यात आल्या, 'इंडिया शायनिंग'ची जाहिरात झळकली आणि पक्ष १८२ वरून १३८ वर आला. काँग्रेसला १४५ जागा मिळाल्या. अवघ्या सात जागांचे हे अंतर होते. तामिळनाडूत द्रमुकची साथ सुटली आणि तेथील सर्वच्या सर्व ३९ जागा विरोधी आघाडीने नेल्या. त्यानंतर अटलजींनी मनालीत गुजरातच्या दंगलींचा उल्लेख पराभवाचे एक कारण म्हणून केला आणि पक्षात वादळ उठले. मुंबईच्या कार्यकारिणीपर्यंत चर्चेचा विषय पराभव हा न राहता ते विधान हाच होऊन बसला. निवडणूक लवकर घेण्याचा निर्णय कोणी व कशाच्या आधारे घेतला, मित्रपक्ष का दुरावले, कार्यकर्ता घरी का बसला, हे प्रश्न मागे पडले. ती घोषणा प्रचारासाठी अनुचित होती, हे अडवाणींनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. तोवर कार्यकर्ता आपापल्या गावी टोमणे ऐकून दमला होता.

एक वेगळे उदाहरण

सारेच चित्र असे निराशाजनक नाही. डिसेंबर १९८४ च्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला फक्त दोन जागा मिळाल्या, एक आंध्रातील हनमकोंडा आणि दुसरी गुजरातमधील मेहसाणा. खुद्द अध्यक्ष अटलबिहारी वाजपेयी ग्वाल्हेरमधून हरले. इंदिराजींच्या हत्येनंतरची सहानुभूतीची लाट, हे कारण त्या वेळी कोणीही मान्य केले असते. ते खोटेही नव्हते. तरीही १९८५ च्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या कार्यकारिणीत अटलजींनी लाटेची ढाल पुढे केली नाही. पराभवाची जबाबदारी आपली मानून त्यांनी पद सोडण्याची तयारी दाखविली आणि सर्वांत अवघड प्रश्न स्वतःच पुढे ठेवला. जनसंघ १९७७ मध्ये जनता पक्षात विलीन करणे आणि १९८० मध्ये नवा पक्ष काढणे योग्य होते का? जनसंघाचे पुनरुज्जीवन करावे का? कृष्णलाल शर्मा यांच्या नेतृत्वाखाली कार्यगट नेमला गेला, प्रांतोप्रांतीच्या कार्यकर्त्यांची मते मागविली गेली. पक्षाच्या अस्तित्वाचाच प्रश्न खालच्या कार्यकर्त्यापुढे ठेवण्यात आला. १९८९ मध्ये त्याच पक्षाने ८५ जागा जिंकल्या. या यशाला रामजन्मभूमीच्या आंदोलनापासून जनता दलाशी झालेल्या जागावाटपापर्यंत अनेक कारणे आहेत, केवळ एका कार्यगटाचे ते फळ नव्हे. परंतु स्वतःला प्रश्न विचारण्याचे धैर्य नसते, तर त्या संधींचा लाभ घेणारी संघटना उभीच राहिली नसती.

अलीकडचे दाखलेही आहेत. २०१८ मध्ये मध्य प्रदेशात पक्षाला काँग्रेसपेक्षा किंचित अधिक मते मिळूनही जागा १०९ विरुद्ध ११४ अशा कमी आल्या. टक्केवारीचा आधार घेऊन नैतिक विजय मिरविणे शिवराजसिंह चौहान यांना सहज शक्य होते. त्यांनी पराभवाची जबाबदारी माझीच, असे सांगितले. २०२४ मध्ये लोकसभेच्या निकालानंतर दुसऱ्याच दिवशी, ५ जूनला, देवेंद्र फडणवीस यांनी जबाबदारी स्वीकारून सरकारमधून मुक्त करण्याची विनंती पक्षाकडे केली. ती मान्य झाली नाही. परंतु पुढच्या पाच महिन्यांत कांद्यावरील निर्यातशुल्क घटले, किमान निर्यातमूल्याची अट गेली, 'लाडकी बहीण' योजना आली, मित्रपक्षांतील समन्वय सुधारला आणि केंद्रनिहाय काम झाले. आधी आवईला दोष देणाऱ्या पक्षाने नंतर निदान कृतीने आपल्या चुका मान्य केल्या. याउलट ४८ पैकी ३० जागा जिंकलेली आघाडी मुख्यमंत्री कोणाचा यावर भांडत राहिली.

हे असे का घडते?

पक्ष जबाबदारी का टाळतात? माझ्या मते याचे मूळ नेत्यांच्या स्वभावात कमी आणि पक्षांच्या रचनेत अधिक आहे. उमेदवार कोण, हे वर ठरते. युती कोणाशी, हेही वर ठरते. घोषणा कोणती, हे जाहिरातसंस्था ठरविते. पराभव झाला की निरीक्षक खाली येतो आणि केंद्रप्रमुखाला विचारतो, तुझ्या केंद्रावर मते का घटली? ज्याने निर्णय घेतला तो न्यायासनावर आणि ज्याने घाम गाळला तो आरोपीच्या पिंजऱ्यात! अशा बैठकीत खरे कोण बोलणार? बोलेल त्याचे पुढचे पद गेलेच म्हणून समजावे. बहुतेक पक्षांत अंतर्गत निवडणुका नावापुरत्याच होतात, त्यामुळे नेत्याला कार्यकर्त्याचे भय नाही.

ब्रिटनमध्ये २०१५ च्या निवडणुकीचा निकाल लागला, त्याच दिवशी तीन पक्षांच्या नेत्यांनी पद सोडण्याची घोषणा केली. तेथील सारेच अनुकरणीय आहे असे नाही. परंतु पराभव हा नेत्याचा असतो, एवढा संकेत तेथे रुजला आहे. तो आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. १९५६ मध्ये अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी मंत्रिपद सोडले, तेव्हा ते काही स्वतः गाडी चालवीत नव्हते.

उपाय फार गहन नाहीत. पराभवाचा आढावा घेणारी मंडळी उमेदवारी ठरविणाऱ्या मंडळींहून वेगळी असावीत. आढाव्याची मुदत ठरलेली असावी आणि निष्कर्ष निदान कार्यकर्त्यांपुढे यावेत. केंद्रनिहाय आकडे हाती घेऊनच चर्चा व्हावी. यंत्राविषयी अथवा याद्यांविषयी तक्रार असेल तर ती मुदतीत, पुराव्यासह, योग्य ठिकाणी करावी आणि न केल्यास तो विषय कायमचा मिटवावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मतदार चुकला, हे वाक्य कोणत्याही पक्षाच्या व्यासपीठावरून उच्चारले जाऊ नये.

मराठी माणसाला पराभवाचे शल्य समजावून सांगावे लागत नाही. १७६१ च्या संक्रांतीला पानिपतावर आपली एक पिढी कापली गेली. थंडीला, उपासमारीला, दैवाला, न आलेल्या मित्रांना दोष देण्यासारखे तेव्हा पुष्कळ होते आणि ती कारणे खरीही होती. परंतु त्या कारणांची उजळणी करीत मराठे बसून राहिले नाहीत. थोरल्या माधवरावांनी घडी पुन्हा बसविली आणि दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, महादजींच्या फौजा दिल्लीत उभ्या होत्या.

निकालाच्या रात्री कार्यालयात दिवा लावून आकड्यांची बेरीज करणारा तो कार्यकर्ता हाच वारसा सांगत असतो. त्याच्या कागदावर बहुधा खरे कारण लिहिलेले असते. आजवर फार थोड्या नेत्यांनी तो कागद त्याच्या हातून मागून घेतला आहे. पुढच्या पराभवानंतर वार्ताहर परिषद बोलाविण्यापूर्वी कोणी तो एकदा वाचून पाहील काय?